मागणाऱ्याला चष्मा मिळाला, मुलाचे काय?

'चष्म्याचा शोध मुसलमानांनी लावला' असा एक संदेश अधूनमधून व्हॉट्सअॅपवर फिरत येतो. सोबत पगडीधारी विद्वानाचे कल्पनेने काढलेले चित्र असते. आपण तो अभिमानाने वाचतो आणि पुढच्या गटात ढकलतो. बऱ्याचदा तो ढकलणाऱ्या घरातच चार-पाच वर्षांची एखादी मुलगी टीव्हीला नाक लावून बसलेली असते. डॉक्टरांनी नंबर काढून दिलेला असतो, चष्मा करूनही आणलेला असतो, पण तो डबीत पडून असतो. "ती घालतच नाही, फेकून देते," असे अम्मी सांगते. "एवढ्याशा पोरीला कशाला चष्मा, उद्या तिचे लग्न कसे व्हायचे," असे दादी म्हणते. अब्बांनाही मनातून ते पटलेले असते.

चष्म्याच्या इतिहासाचा अभिमान आणि डबीत पडून असलेला तो छोटा चष्मा, या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहायला हव्यात. कारण चष्म्याचा खरा इतिहास वाचला की मूल चष्मा का नाकारते आणि मोठी माणसे त्याला इतक्या सहज का मान्यता देतात, याचे बरेचसे उत्तर त्यातच सापडते.

दावा आणि वस्तुस्थिती

आधी दाव्याचे पाहू. बसरा येथे इसवी सन 965च्या सुमारास जन्मलेले आणि पुढे कैरोत स्थायिक झालेले इब्न अल्-हैसम यांनी अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'किताब अल्-मनाझिर' हा सात भागांचा ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण निघून वस्तूवर पडतात म्हणून वस्तू दिसते, असे युक्लिड आणि टॉलेमी या ग्रीक पंडितांचे म्हणणे होते. इब्न अल्-हैसम यांनी प्रयोग आणि गणिताच्या आधारे याच्या उलट मांडणी केली. वस्तूवरून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो, तेव्हा दिसते, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या आधी बगदादच्या इब्न सहल यांनी 984च्या सुमारास भिंगातून प्रकाश कसा वाकतो याचे गणित मांडले होते. हे काम जगाच्या विज्ञानाच्या इतिहासात मान्य झालेले आहे. त्यासाठी कोणत्याही फॉरवर्डची गरज नाही.

पण यांपैकी कोणी चष्मा बनवला नाही. इब्न अल्-हैसम यांच्या ग्रंथाचा लॅटिन अनुवाद 1200च्या आसपास युरोपात पोहोचला. तो अभ्यासलेल्या रॉजर बेकन या इंग्रज पाद्र्याने 1267मध्ये लिहून ठेवले, की काचेचा फुगीर तुकडा अक्षरांवर ठेवला तर वृद्धांना आणि कमजोर डोळ्यांच्या माणसांना उपयोग होतो. त्यानंतर वीसेक वर्षांत इटलीत दोन भिंगे जोडून नाकावर ठेवण्याची युक्ती निघाली. 23 फेब्रुवारी 1306 रोजी फ्लॉरेन्समधल्या प्रवचनात जोर्दानो या धर्मोपदेशकाने सांगितले, की चष्मा करण्याची कला सापडून अजून वीस वर्षेही झालेली नाहीत. पहिल्या कारागिराचे नाव कोणालाच ठाऊक नाही. तो आपली विद्या सांगायला तयार नव्हता. पिसा शहरातल्या मठात राहणाऱ्या अलेस्सांद्रो देल्ला स्पिना या साधूने ती वस्तू पाहिली, स्वतः तशीच बनवली आणि सगळ्यांना खुल्या मनाने शिकवली, अशी नोंद त्याच्या मठाच्या बखरीत आहे. स्पिना 1313मध्ये वारला.

आपल्याकडच्या थोरांनी ही वस्तू आपली आहे असा दावा कधी केला नाही. हेरातचे सूफी कवी अब्दुर्रहमान जामी (मृत्यू 1492) यांनी म्हातारपणी अंधूक झालेल्या नजरेचे वर्णन करताना मदतीला आलेल्या काचेचा उल्लेख सरळ 'फिरंगी' असाच केला. भारतातली जुनी नोंद विजयनगरची आहे. 1520च्या सुमारास व्यासतीर्थ हे वैष्णव संन्यासी चष्मा लावून ग्रंथ वाचत असल्याचा उल्लेख त्यांच्या संस्कृत चरित्रात येतो. हा उल्लेख अभ्यासकांपुढे आणण्याचे श्रेय पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतले व्यासंगी संशोधक प. कृ. गोडे यांचे. पोर्तुगिजांनी 1510मध्ये गोवा घेतला होता. त्यांच्यामार्फत चष्मा इथे आला असावा, असे गोडे यांचे मत होते.

थोडक्यात, प्रकाशाचे ज्ञान अरबी ग्रंथांतून गेले, वस्तू इटलीत झाली आणि पोर्तुगीज जहाजांतून ती आपल्या किनाऱ्याला लागली. चष्म्यावर कोण्या एका धर्माची किंवा देशाची मालकी नाही. असे असताना तो आपल्या घरात परक्यासारखा का वागवला जातो, हा खरा प्रश्न आहे.

चाळिशी

त्याचे एक उत्तर भाषेत आहे. मराठीत चष्म्याला 'चाळिशी' असाही शब्द आहे. वयाच्या चाळिशीत लागतो, म्हणून चाळिशी. 'चष्मा' हा शब्द फारसी 'चश्म' म्हणजे डोळा यावरून आला. उर्दूतला 'ऐनक' अरबी 'ऐन' म्हणजे डोळा यावरून. या दोन शब्दांना वयाचे बंधन नाही. आपल्या मराठीने मात्र ही वस्तू चाळीस वर्षांच्या माणसाच्या नावावर करून टाकली.

यात मराठीचा दोष नाही. चष्मा खरोखरच वृद्धांसाठी जन्मला. पहिले चष्मे फुगीर भिंगांचे होते. जवळचे वाचताना हात लांब करावा लागणाऱ्या माणसाला ते उपयोगी होते. जुनी चित्रे पाहिली तरी हेच दिसते. चष्मा लावलेल्या माणसाचे आजवर सापडलेले सर्वात जुने चित्र इटलीतल्या त्रेविझो इथे 1352मध्ये काढलेले आहे. त्यात एक वयस्कर कार्डिनल पोथीवर वाकलेला आहे. इराणचे थोर चित्रकार रझा अब्बासी यांचे त्यांच्याच शिष्याने, मुईन मुसव्विर यांनी काढलेले चित्र प्रसिद्ध आहे. ते 1635मध्ये सुरू झाले आणि 1673मध्ये पुरे झाले. त्यातही म्हातारे उस्ताद चष्मा लावून चित्र रंगवत बसले आहेत. पोथी, कुंचला आणि पांढरी दाढी, यांच्यासोबतच चष्मा दिसतो. शेजारी मूल नाही.

दूरचे न दिसणाऱ्यांसाठी खोलगट भिंगे पंधराव्या शतकात आली. मिलानचा ड्यूक फ्रान्चेस्को स्फोर्झा याने 1462मध्ये फ्लॉरेन्सहून तीन डझन चष्मे मागवले. त्यांतले एक डझन लांबचे पाहण्यासाठी, म्हणजे तरुणांसाठी, असे त्याच्या पत्रात स्पष्ट आहे. हे तरुण दरबारी होते. आपल्याला शिकारीतले हरीण दिसत नाही हे त्यांना सांगता येत होते आणि काच बदलून बदलून कोणती बरी ते निवडताही येत होते.

चष्मा मिळण्याची पद्धत कितीतरी शतके हीच राहिली. फेरीवाल्याच्या पेटीतून एकेक काच उचलायची, डोळ्याला लावायची, अक्षर स्पष्ट दिसले की पैसे टाकायचे. सेव्हिल शहरात 1623मध्ये बेनितो दासा दे वाल्देस याने चष्म्याचे नंबर कसे ठरवावेत यावर पुस्तक लिहिले, तेव्हाही गिऱ्हाइकाने आपली अडचण बोलून दाखवावी हे गृहीतच होते. ज्याला आपले न दिसणे समजते आणि सांगता येते, त्यालाच चष्मा मिळणार. मुलाला हे दोन्ही जमत नाही.

सफरचंद निवडणारे मूल

मुलाला ते का जमत नाही, याचा विचार इब्न अल्-हैसम यांच्या ग्रंथात सापडतो, आणि त्यांच्या नावाचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो भाग जरूर वाचावा. पाहणे केवळ डोळ्यात पुरे होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. डोळ्याकडून आलेल्या प्रतिमेची मन तुलना करते, आधीच्या ओळखीशी ताडून पाहते, अनुमान काढते. हे सगळे इतक्या वेगाने घडते की आपण अनुमान काढले याचा पत्ताही लागत नाही. उदाहरण म्हणून ते लहान मूल घेतात. त्याच्यापुढे दोन सफरचंदे ठेवा, त्यांतले एक दिसायला अधिक सुंदर असू द्या. मूल तेच उचलेल. म्हणजे त्याने तुलना केली, निर्णय घेतला. पण तुलना म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही आणि आपण ती केली हेही ठाऊक नाही.

चष्मा लागणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे उदाहरण उलट्या बाजूने लागू पडते. जन्मापासून ज्याला झाडाचे पान वेगळे दिसलेच नाही, नुसता हिरवा गोळा दिसला, त्याच्या लेखी झाड म्हणजे हिरवा गोळा. तो कधीच म्हणणार नाही, की मला नीट दिसत नाही. एका डोळ्याने चांगले आणि दुसऱ्याने अंधूक दिसत असेल, तर त्याला काही जाणवतच नाही, कारण चांगला डोळा सगळे काम उरकतो. म्हणून "आमचा मुलगा कधी तक्रार करत नाही" हे पालकांचे वाक्य नजर चांगली असल्याचा पुरावा ठरत नाही.

आणि तक्रारच नसलेल्या माणसाच्या नाकावर अचानक एक जड वस्तू ठेवली, तर तो ती काढून फेकणारच. मोठ्या माणसाने चष्मा मागून घेतलेला असतो. मुलावर तो येऊन पडतो. मुलाच्या हट्टाचे मूळ इथे आहे.

मुखवटा आणि पट्टी

याचा अर्थ मुलांच्या डोळ्यांकडे जुन्या वैद्यांनी लक्षच दिले नाही असा नाही. न दिसणे बाहेरून कळत नाही, पण तिरळेपणा कळतो. त्यामुळे मुलांवरचे उपाय तिरळ्या डोळ्यापासून सुरू झाले. सातव्या शतकात अलेक्झांड्रियात वैद्यकी करणाऱ्या पॉल ऑफ एजिना याने तिरळ्या बाळाला समोर छिद्रे असलेला मुखवटा घालावा असे सांगितले, म्हणजे बाळाला सरळच पाहावे लागेल. हा ग्रंथ बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक (मृत्यू 873) यांनी अरबीत आणला. हुनैन हे अरब ख्रिस्ती विद्वान. डोळ्यावरचे त्यांचे दहा प्रबंध पुढच्या अरबी नेत्रवैद्यकाचा पाया ठरले. डोळ्याच्या वैद्याला अरबीत 'कह्हाल' म्हणत. हा शब्द 'कुहल' म्हणजे सुरम्यावरून आला. बगदादच्या अली इब्न ईसा कह्हाल यांचा 'तज़किरा' शतकानुशतके वापरात होता.

हर्रानच्या साबित इब्न कुर्रा (मृत्यू 901) यांच्या नावावर असलेल्या एका नेत्रग्रंथात तिरळेपणावर चांगला डोळा झाकण्याचा उपाय दिला आहे, म्हणजे पाहण्याची सगळी शक्ती अधू डोळ्याकडे वळते. साबित हेही मुसलमान नव्हते, साबियन होते. बगदादच्या ज्ञानविश्वाचे मोठेपण हेच होते, की तिथे कोणाची विद्या कोणत्या घरची, हे विचारले जात नव्हते.

युरोपात 1583मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या गेओर्ग बार्टिश याने नेत्ररोगांवर सचित्र ग्रंथ छापला. त्यात तिरळ्या मुलांसाठीचे मुखवटे चित्रांसह आहेत. डोके झाकणारे, डोळ्यांपुढे छिद्रे ठेवलेले. ते पाहून आजही अंगावर काटा येतो. असा मुखवटा घालून कोणते मूल शांत बसले असेल? 1743मध्ये फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफॉन याने चांगला डोळा झाकण्याचा उपाय पुन्हा मांडला. चांगल्या डोळ्यावर चिकटपट्टी लावण्याचा आजचा इलाज याच परंपरेतला आहे.

चष्मा मात्र अजून मुलापर्यंत पोहोचला नव्हता. त्याला एक साधी अडचणही होती. पहिली साडेचारशे वर्षे चष्म्याला कानावर टेकणाऱ्या काड्याच नव्हत्या. तो नाकावर चिमटून बसवायचा, हातात धरायचा किंवा स्पेनमधल्यासारखा दोरा कानामागे अडकवायचा. लंडनचा चष्मेवाला एडवर्ड स्कार्लेट याने 1730च्या आसपास ताठ काड्यांचे चष्मे विकायला काढले, तेव्हा हात मोकळे झाले. धावणाऱ्या, पडणाऱ्या, झाडावर चढणाऱ्या जीवाला चष्मा घालता येण्याची शक्यता तेव्हा कुठे निर्माण झाली.

न विचारता मोजणे

चष्मा खऱ्या अर्थाने मुलाचा झाला तो एकोणिसाव्या शतकात, आणि त्यात हॉलंडच्या उट्रेख्ट शहरातल्या फ्रान्सिस्कस डॉन्डर्स या डॉक्टरांचा वाटा फार मोठा आहे. त्यांच्या आधी लहान वयात फुगीर भिंगाचा चष्मा देणे घातक समजले जाई. वाचताना डोळे दुखतात अशी तक्रार करणाऱ्या मुलाला वाचन सोडून दुसरे काम धरण्याचा सल्ला नामांकित डॉक्टरही देत. डॉन्डर्स यांचा मोठा ग्रंथ 1864मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. अनेक मुलांचे डोळे आत वळतात त्याचे कारण त्यांना असलेला मोठा 'प्लस' नंबर आहे, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. अशा मुलाला स्पष्ट दिसण्यासाठी डोळ्यावर सतत ताण द्यावा लागतो, आणि तो ताण डोळ्यांना आत ओढतो. योग्य चष्मा दिला तर ताण जातो आणि पुष्कळदा डोळे सरळ होतात. मुखवट्याने हजार वर्षांत जे साधले नाही, ते दोन काचांनी साधले.

आपल्याकडे तिरळेपणाला 'नशीबवान' म्हणण्याची रीत आहे. "भाग्याची आहे पोर," म्हणून बायका कौतुक करतात आणि उपचाराची वर्षे निघून जातात. डॉन्डर्स यांचा शोध दीडशे वर्षांहून जुना झाला, तरी ही समजूत सर्व धर्मांच्या घरांत सारखीच टिकून आहे.

डॉन्डर्स यांचे सहकारी हेर्मान स्नेलेन यांनी 1862मध्ये नजर तपासण्याचा अक्षरतक्ता तयार केला. डॉक्टरांकडे भिंतीवर असतो तोच. पण अक्षर न येणाऱ्या मुलाचे काय? 1873मध्ये क्युइन्ये या फ्रेंच लष्करी डॉक्टरने आरशाने डोळ्यात उजेड टाकून बाहुलीतली सावली कशी सरकते ते पाहण्याची पद्धत शोधली. पुढे तिला थेंबांची जोड मिळाली. आजही डॉक्टर मुलाच्या डोळ्यात थेंब टाकतात, तासभर बसवतात आणि मग बॅटरीसारखे यंत्र धरून नंबर काढतात. मुलाला एक शब्दही विचारावा लागत नाही. पाळण्यातल्या बाळाचा नंबरही असा मोजता येतो. "ती बोलतच नाही, मग नंबर काढला कसा? खोटाच असणार," असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. पुढे 1976मध्ये फिनलंडच्या डॉ. लेआ ह्यूवॅरिनेन यांनी लहान मुलांसाठी अक्षरांऐवजी चार चित्रांचा तक्ता केला. घर, गोल, चौकोन आणि सफरचंद.

याच काळातली आणखी एक घटना शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. त्या वेळी जर्मनीत असलेल्या ब्रेस्लाव शहरातले डॉक्टर हेर्मान कोन यांनी 10,060 शाळकरी मुलांचे डोळे तपासून 1867मध्ये निष्कर्ष छापले. जसजशी इयत्ता वाढत होती, तसतशी दूरचे न दिसणाऱ्या मुलांची संख्या वाढत होती. फळा न दिसणारे मूल आणि अभ्यासात 'ढ' मूल यांत फरक करायला हवा, ही जाणीव शाळांना इथून होऊ लागली.

मेंदूची मुदत

यानंतरही एक प्रश्न उरत होता. लहानपणी चष्मा घातला नाही, मोठेपणी घातला, तर बिघडले कुठे? याचे उत्तर डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांच्या 1960च्या दशकातल्या प्रयोगांतून मिळाले. मांजराच्या पिल्लाचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे बंद ठेवला, तर तो डोळा पुढे उघडूनही त्याने दिसेना. डोळा धडधाकट होता, पण त्याच्याकडून येणारा संदेश वाचायला मेंदू शिकलाच नव्हता. मोठ्या मांजरावर हाच प्रयोग केला, तर तसे नुकसान झाले नाही. या कामासाठी दोघांना 1981चे नोबेल पारितोषिक मिळाले. पाहण्यात मनाचा वाटा असतो हे इब्न अल्-हैसम यांनी सांगितले होते. त्या वाट्यालाही एक मुदत असते, हे नऊशे वर्षांनी कळले.

माणसाच्या मुलात याला आळशी डोळा म्हणतात. नंबर असूनही चष्मा न लावलेल्या डोळ्याकडून मेंदूला अंधूकच चित्र मिळत राहते आणि मेंदू हळूहळू त्याच्याकडे दुर्लक्ष करू लागतो. सात-आठ वर्षांच्या आत उपचार सुरू झाला, तर तो सर्वात चांगला लागू पडतो. त्यानंतरही काही मुलांना फायदा होतो, पण कमी. वीस वर्षांचे झाल्यावर कितीही महाग चष्मा घेतला, तरी ती राहून गेलेली नजर सहसा परत येत नाही. डबीत पडून असलेल्या चष्म्याची किंमत ही अशी मोजावी लागते.

घरात काय करायचे

या इतिहासातून घरासाठी चार गोष्टी निघतात.

पहिली गोष्ट वजनाची आणि मापाची. चष्मा म्हाताऱ्यांसाठी घडला, मग तरुणांसाठी आणि शेवटी मुलांसाठी. अजूनही अनेक दुकानांत मोठ्यांचीच फ्रेम लहान करून दिली जाते. मुलाच्या नाकाला उंचवटा नसतो, फ्रेम घसरते, कानामागे टोचते. "घालत नाही" याचे कारण निम्म्या वेळा 'टोचतो' हेच असते, आणि मुलाला ते सांगता येत नाही. नाकावर आणि कानामागे लाल वळ आहेत का ते रात्री पाहावे. फ्रेम हलकी असावी, काचा न फुटणाऱ्या असाव्यात, मागे रबरी पट्टा असावा. स्पेनमधल्या त्या दोऱ्याचेच हे नवे रूप आहे. मुलगी स्कार्फ बांधत असेल, तर काड्या स्कार्फच्या आत दाबल्या जात नाहीत ना, हेही तपासावे.

दुसरी गोष्ट धीराची. मोठा प्लस नंबर असलेल्या मुलाला नव्या चष्म्यातून पहिले काही दिवस उलट अंधूक दिसू शकते, कारण डोळ्याची ताण देण्याची सवय सुटायला वेळ लागतो. मूल काचांच्या वरून पाहते. "आता छान दिसते ना?" असे विचारले, तर ते "नाही" म्हणते. एवढ्यावरून चष्मा चुकीचा ठरवू नये. पहिल्या दिवशी त्याच्या आवडीच्या कामासोबत, गोष्टीच्या पुस्तकासोबत किंवा कार्टूनसोबत, अर्धा तास घालावा आणि रोज वेळ वाढवत न्यावी. काढला की रागावू नये, शांतपणे पुन्हा लावावा. दोन-तीन आठवडे झाल्यावरही मूल टाळतच असेल, तर डॉक्टरांकडून नंबर आणि बसणी पुन्हा तपासून घ्यावी. "घातला नाहीस तर आंधळी होशील" ही धमकी तर अजिबात देऊ नये. भीतीने लावलेली वस्तू आपली पाठ वळली की निघते.

तिसरी गोष्ट वापराच्या जागेची. शाळेतल्या बाईंना सांगितले जाते, पण मकतबमधल्या मौलवीसाहेबांना किंवा आपाला सांगायचे राहून जाते. मूल रोज तासभर रिहलवर वाकून कायदा वाचते, जेर-जबर-नुक्ते ओळखते. नजरेची सर्वात बारीक कसरत तिथेच असते. हिफ्ज करणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर हे दुपटीने खरे आहे. नुक्ता चुकला म्हणून छडी खाणाऱ्या मुलाला कदाचित नुक्ता दिसतच नसेल. वुजूच्या वेळी चष्मा कुठे ठेवायचा याची एक ठरलेली जागा मुलाला दाखवावी, नाहीतर तो हौदावरच राहतो. चष्मा लावून सजदा होतो का, असेही काही जण विचारतात. कपाळ आणि नाक जमिनीला टेकत असेल, तर होतो. अडचण वाटली, तर तेवढ्यापुरता काढून ठेवावा.

चौथी गोष्ट मोठ्यांच्या जिभेची. 'चश्मिश', 'ढापण्या' ही नावे मूल गल्लीत ऐकतेच, ती घरातून येऊ नयेत. नातेवाइकांपुढे फोटोच्या वेळी "चष्मा काढ गं" म्हटले की मुलीला कळते, की चष्म्यातली ती घरच्यांना नकोशी आहे. मग ती शाळेत तो का घालेल? चष्मा लावल्याने नंबर वाढतो हा समजही चुकीचा आहे. मूल वाढते तसा डोळाही वाढतो, म्हणून नंबर बदलतो. काच त्याला जबाबदार नसते.

सरकारी यंत्रणेचाही उपयोग करून घ्यावा. 2013मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा सरकारी व अनुदानित शाळांत येऊन मुलांची तपासणी करतात. तीत डोळ्यांचाही समावेश असतो. जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या उर्दू शाळा त्यात येतात. विनाअनुदानित खासगी शाळांतली आणि केवळ मदरशांत शिकणारी मुले मात्र सुटून जातात. जमातीच्या संस्था दरवर्षी रक्तदान शिबिरे भरवतात. त्यासोबत मकतबमधल्या मुलांची नेत्रतपासणीही ठेवली, तर फार मोठा खर्च येणार नाही.

न मागणाऱ्याचा हक्क

कुरआनमधल्या 'अबस' या सूरेची पार्श्वभूमी बहुतेक वाचकांना माहीत आहे. हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम (रजि.) हे अंध सहाबी शिकण्यासाठी आले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) मक्केच्या सरदारांशी बोलण्यात गुंतले होते. न दिसणाऱ्या त्या शिकू पाहणाऱ्या माणसाकडे आधी लक्ष द्यायला हवे होते, अशी आठवण त्या आयतींनी दिली. पुढे हेच सहाबी मदिनेत अजान देत. न दिसणे हा लज्जेचा विषय नाही आणि न दिसणाऱ्याच्या शिक्षणाला दुय्यम स्थान नाही, हे आपल्याला चौदाशे वर्षांपूर्वी सांगितले गेले आहे. प्रत्येक आजारासोबत त्याचा इलाजही उतरवला गेला आहे, अशी हदीसही आपण वाज़च्या मैफलीत नेहमी ऐकतो. तो इलाज डबीत ठेवण्यासाठी उतरलेला नाही.

इब्न उम्मे मकतूम (रजि.) स्वतः चालत आले आणि त्यांनी मागितले. सहाशे वर्षे चष्माही मागणाऱ्यालाच मिळत गेला. कार्डिनलला मिळाला, जामींना मिळाला, व्यासतीर्थांना मिळाला. चार वर्षांची मुलगी मागायला येणार नाही. उलट ती तो फेकून देईल. तिच्या वतीने मागणे, तो तिच्या नाकावर नीट बसेल असा करून घेणे आणि तिला त्याची सवय होईपर्यंत न कंटाळता रोज लावत राहणे, हे काम तिच्या अम्मी-अब्बांचे, दादीचे आणि उस्तादांचे आहे. इब्न अल्-हैसम यांचे वारस म्हणवून घ्यायचे असेल, तर सुरुवात आज रात्री घरातल्या मुलांचा एकेक डोळा हाताने झाकून, समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसते का, एवढे पाहण्यापासून करता येईल. फरक वाटला, तर उद्याच डॉक्टर गाठावा.